केरामोस

टाइल्सच्या दुकानातला माणूस ‘सिरॅमिक’ म्हणताना आवाज जरा खाली आणतो. शब्द भारदस्त खराच, पण मुळात ती माती. ग्रीकमध्ये ‘केरामोस’ म्हणजे कुंभाराची माती. त्या मातीचं मडकंही केरामोस, आणि घरावरचं कौलही केरामोसच. होमरच्या ‘इलियड’मध्ये दोन दांडगट भाऊ युद्धदेव एरीजला बांधून 13 महिने केरामोसमध्ये कोंडतात, आणि तो केरामोस असतो चक्क काशाचा! पण आपण तरी स्टीलच्या पेल्याला ग्लासच म्हणतो की.

अथेन्समध्ये वेशीजवळ, एरिदानोस नावाच्या ओढ्याकाठी, केरामेइकोस आहे. थोडक्यात, प्राचीन काळचा कुंभारवाडा. पॉसेनियस हा जुना प्रवासी मात्र सांगतो, की हे नाव डायोनिससदेवाचा मुलगा केरामोस याच्यावरून पडलं. साध्या कुंभारांवरून म्हणायला कुणाला तरी कमीपणा वाटला असावा.

या कुंभारांची खरी करामत काळ्या रंगात आहे, कारण तो रंगच नव्हे. तिथल्या मातीत लोह भरपूर. तीच माती पाण्यात कालवून, निथळून, तिचा अगदी मऊ घोळ करायचा आणि त्याने भांडं चितारायचं. भट्टीत आधी हवा खेळू द्यायची, मग झरोके बंद करून ओली लाकडं सारायची, की आतलं सगळं काळंठिक्कर. पुन्हा हवा सोडली की भांड्याचं अंग लाल होतं. घोळाचा थर मात्र तापून इतका घट्ट बसलेला असतो, की त्यात हवा शिरतच नाही. तो काळाच राहतो. एकच माती, एकच भट्टी, रंग दोन.

भांडं फुटलं तरी अथेन्सकर ते फेकत नसत. नको असलेल्या पुढाऱ्याचं नाव खापरीवर कोरायचं. एकूण 6000 खापऱ्या जमल्या, तर ज्याचं नाव सर्वांत जास्त तो 10 वर्षं शहराबाहेर. आपण खापर नुसतं फोडतो, त्यांनी त्याची मतपत्रिका केली. केरामेइकोसमध्ये अशा हजारो खापऱ्या सापडल्या आहेत. शहरातल्या अॅक्रोपोलिस टेकडीच्या उत्तर उतारावरच्या एका विहिरीत तर थेमिस्टोक्लीस या पुढाऱ्याच्या नावाच्या सुमारे 190 निघाल्या, आणि अक्षर पाहावं तर जेमतेम 14 जणांचं! म्हणजे आधीच लिहून वाटायला तयार ठेवलेल्या. आपल्या गल्लीतल्या कार्यकर्त्यांना हे मुळीच नवीन वाटणार नाही.