तुम्ही विचारलंत म्हणून: तत्त्वज्ञाला पूजा कशाला?

ग्रीक तत्त्वज्ञान वाचते म्हटलं की हा प्रश्न ठरलेला. "सॉक्रेटिसच्या वंशातली ही तर्कट माणसं शेवटी मंत्रतंत्राच्या नादी कशी हो लागली?" विचारणाऱ्यानं निकाल आधीच लावलेला असतो. मला तो पटत नाही.

भांडण मुळात आत्म्यावरून आहे. तिसऱ्या शतकातला तत्त्वज्ञ प्लोटायनस म्हणे, आत्म्याचा एक अंश कधी खाली देहात उतरतच नाही. मग देवळात जायचं कशाला? शिष्य अमेलियस सणासुदीच्या यज्ञांना घेऊन जायला आला, तर प्लोटायनस म्हणाला, देवांनी माझ्याकडे यावं, मी त्यांच्याकडे नाही. हे ऐकून शिष्य गप्पच झाले. अर्थ विचारायची कुणाची छाती झाली नाही.

त्याच परंपरेतल्या, पण नंतरच्या, सीरियातल्या आयाम्ब्लिकसनं तो न उतरणारा अंशच नाकारला. आत्मा सगळाच्या सगळा उतरलाय, देहात गुंतलाय. मग नुसत्या चिंतनानं तो वर चढणार कसा? तसं असतं तर चिंतन करणारे सगळेच केव्हाचे देवाला मिळाले असते, असं तो सुनावतो (तेही अबामोन नावाच्या इजिप्शियन पुरोहिताचं सोंग घेऊन!). देवांनी सृष्टीत आपल्या खुणा पेरून ठेवल्यात: दगडांत, वनस्पतींत, अनाकलनीय नावांत. त्या आपल्याला कळोत न कळोत, आपलं काम करतात. नावांचं भाषांतर मात्र करायचं नाही, जोर जातो. या साधनेचं नाव थेउर्गिया, शब्दशः देवकार्य. पण आपल्या घरच्या देवकार्यासारखं नव्हे. इथं करणारा देवच.

म्हणजे विधी आला तो तर्क थकल्यामुळे नाही, तर तर्कानंच स्वतःची हद्द आखल्यामुळे.

पाचव्या शतकात अथेन्सला याच परंपरेतला प्रोक्लस होता. युक्लिडच्या भूमितीच्या पहिल्या पुस्तकावर भाष्य त्याचं, देवांविषयीची 211 विधानं एकातून एक सिद्ध करत नेणारा ग्रंथही त्याचाच. आणि हाच माणूस आस्क्लेपिगेनिया या बाईंकडून थेउर्गिया शिकला. चरित्रकार मारिनस तर सांगतो, त्यानं विधीचं चक्र फिरवून पाऊस पाडला. पावसाचं सोडा. मला त्याचं कमळ आवडतं. सूर्योदयापूर्वी ते मिटलेलं असतं, सूर्य चढेल तसं उमलतं, कलला की पाकळ्या आवरतं. माणूस ओठ उघडून-मिटून स्तोत्र म्हणतो, कमळ पाकळ्यांनी म्हणतं, यात फरक काय, असं प्रोक्लस विचारतो.