हॉलचे पडदे, सोफ्याचं कापड आणि ते गोंडे : माझा अनुभव

घर बघायला आलेल्या जवळजवळ प्रत्येकाने पडद्याला हात लावून किंमत विचारली आणि मी दर वेळी अर्धवटच उत्तर दिलं, कारण नीट सांगायचं तर अर्धा तास लागतो. तर तो अर्धा तास आज काढतेच.

घर ठाण्यात. हॉलची मोठी काचेची खिडकी पश्चिमेला, म्हणजे दुपारी तीननंतर ऊन थेट सोफ्यावर. माझ्या डोक्यात पहिल्यापासून सिल्क होतं. लग्नात मिळालेल्या साड्यांमुळे असेल किंवा हॉटेलांमधले ते जाड, जमिनीला टेकणारे पडदे बघून असेल, पण सिल्कच हवं होतं. लोअर परळला रघुवंशी मिलच्या आवारात जी इंटिरियरची दुकानं आहेत तिथून सुरुवात केली, तिथे फिरायला मजा येते, पण तिथल्या कॅटलॉगची पहिली दहा पानं उलटेपर्यंतच कळतं की मीटरचा भाव आणि पडद्याचा भाव यांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही. मी आपली मीटरला साडेतीन हजार म्हणजे किती होतील असं मनात मोजतेय आणि समोरचा विचारतोय, "मॅडम, अस्तर सिंगल की डबल? प्लीट कुठली? रिपीट बघितलात का?"

आधी उन्हाचं सांगते. सिल्क उन्हात टिकत नाही. नुसता रंग उडत नाही, धागाच कमजोर होतो, कापड पिवळट पडतं आणि काही वर्षांनी दुमडीच्या जागी आपोआप फाटायला लागतं. खिडकीची काच लावलेली असली तरी त्यातून बरीचशी अल्ट्राव्हायोलेट किरणं आत येतातच, त्यामुळे "काच आहे ना" हा युक्तिवाद चालत नाही. त्यावर उपाय म्हणजे मागे चांगलं अस्तर, आणि अस्तर नि सिल्क यांच्या मध्ये मऊ, ब्रश केलेल्या जाड सुती कापडाचा आणखी एक थर, ज्याला इंटरलायनिंग म्हणतात. त्याने पडदा जड होतो, चुण्या गुबगुबीत पडतात, आणि खरं सांगायचं तर हॉटेलातला तो भारदस्तपणा सिल्कचा कमी आणि या मधल्या थराचा जास्त असतो. हे कळल्यावर माझा सिल्कचा हट्ट निम्मा उतरला. शेवटी सिल्क गेलं बेडरूममध्ये, जिची खिडकी उत्तरेला आहे, आणि हॉलला घेतलं लिनन आणि पॉलिएस्टर मिक्स असलेलं जॅकार्ड (म्हणजे नक्षी छापलेली नाही, विणतानाच काढलेली), पानांची मोठी नक्षी असलेलं. निव्वळ लिनन मुद्दाम नाही घेतलं, ते आपल्याकडच्या पावसाळ्यात दमट हवेने लांबतं आणि कोरड्या दिवसांत परत आखडतं, मग खालची कड कधी लादीला घासते तर कधी अधांतरी.

सिल्क खरं आहे की नाही हे ओळखायचं कसं, हा पुढचा प्रश्न. ड्युपियन, ज्याला दुकानात सरसकट रॉ सिल्क म्हणून दाखवतात, त्याच्यात मध्ये मध्ये धाग्याच्या गाठी असतात कारण दोन किडे मिळून एकच कोष करतात आणि त्यातून निघणारा धागा एकसारखा येत नाही. पण या गाठी पॉलिएस्टरमध्येही हुबेहूब काढतात. सिल्क मार्कचं, म्हणजे शुद्ध सिल्कची खात्री देणारं लेबल असेल तर उत्तमच (सेंट्रल सिल्क बोर्डाच्या पुढाकाराने २००४ साली सुरू झालेली व्यवस्था आहे ती), पण साड्यांना ते जसं सहज दिसतं तसं पडद्याच्या कापडावर दर वेळी मिळेलच असं नाही. मी सॅम्पलमधून उभे आणि आडवे धागे वेगवेगळे काढले, चिमट्यात धरून सिंकवर जाळून बघितले. सिल्क हळूहळू जळतं, केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटाने चुरडली जाते. पॉलिएस्टर वितळतं आणि शेवटी कडक मणी राहतो. उभे-आडवे वेगळे जाळायचे कारण एका सॅम्पलमध्ये उभा धागा सिल्कचा निघाला आणि आडव्याचा मस्तपैकी मणी झाला, आणि भाव मात्र प्युअरचा सांगितला होता. आई म्हणाली, "अगं त्याला सांग तरी." सांगून काय होणार, मी ते सॅम्पल परत दिलं आणि पुढच्या दुकानात गेले.

आता हिशोब, कारण याच्यावर कुणी नीट बोलत नाही. माझी खिडकी ९६ इंच रुंद. चुण्या छान पडायला कापड रुंदीच्या अडीचपट धरतात, म्हणजे २४० इंच. कापडाचा पन्हा ५४ इंच, म्हणजे साडेचारच्या आत-बाहेर, आपण पाच पट्टे धरायचे. उंची १०२ इंच, त्यात वरची-खालची दुमड धरून ११४. पाच पट्ट्यांचे ५७० इंच, म्हणजे साडेचौदा मीटर. इथपर्यंत कुणीही करेल. पण नक्षी ६४ सेंटीमीटरला, म्हणजे साधारण २५ इंचांना परत येते (हाच तो रिपीट), आणि शेजारच्या पट्ट्यांवरची पानं एका रेषेत जुळायची असतील तर प्रत्येक पट्टा २५ च्या पटीत कापावा लागतो, म्हणजे ११४ नाही तर १२५ इंच. झाले जवळजवळ सोळा मीटर. दीड मीटर कापड नुसतं नक्षी जुळवायला गेलं, आणि हे एका खिडकीचं. म्हणून मोठ्या नक्षीचं महाग कापड आवडलं की आधी रिपीट विचारायचा, भाव नंतर. आतल्या पातळ पडद्यांना मात्र ११० इंच पन्ह्याचं कापड मिळतं, ते आडवं वापरलं की मध्ये जोड येत नाही. माझ्या खिडकीच्या उंचीला मोठी दुमड त्यात बसत नव्हती, पण खालच्या कडेला वजनाची बारीक साखळी विणलेलंच कापड मिळालं, त्याला खालची दुमड लागतच नाही, वर चार इंच घेतले की झालं.

सोफ्याला वेगळे नियम. तिथे दिसण्याआधी घासणं बघायचं. कॅटलॉगच्या मागे मार्टिनडेल असा आकडा असतो, कापड ठरावीक दाबाखाली लोकरीच्या कापडावर गोल-गोल घासतात आणि किती फेऱ्यांनंतर धागे तुटतात ते मोजतात. रोजच्या बसण्या-उठण्याच्या सोफ्याला २५,००० च्या वर असावा, कधीतरी बसायच्या खुर्चीला १५,००० पण चालतो. अमेरिकन कॅटलॉगमध्ये वायझेनबीक नावाची दुसरी टेस्ट असते, तीत पुढे-मागे घासतात, तो आकडा मार्टिनडेलशी ताडून बघायचा नाही, दोन्हींचं गणित जुळत नाही. सेल्समन बिनधास्त ताडतात, आपण गप्प बसून मान हलवायची.

मला सोफ्याला वेल्वेट हवं होतं, नवऱ्याला बुकले, ते मेंढीसारखं गुरगुटलेलं कापड जे हल्ली सगळीकडे दिसतं. निकाल आमच्या मांजरीने लावला. बुकलेमध्ये धाग्याचे फास असतात, नख अडकलं की धागा बाहेर. वेल्वेटला फास नसतात, कापलेले तंतू उभे असतात, त्यामुळे नखाला धरायला काही मिळत नाही आणि मांजरीचा उत्साह लवकर संपतो. सुती वेल्वेट दिसायला फार सुंदर, खोल रंग, पण बसलेल्या जागा चेपतात आणि तशाच राहतात. पॉलिएस्टरचं वेल्वेट ऐकायला स्वस्त वाटतं पण चांगल्यातलं घेतलं तर तंतू परत उभे राहतात आणि चहा सांडला तर पुसता येतो. आम्ही तेच घेतलं, मोरपंखी. वेल्वेटला एक दिशा असते, एका बाजूने हात फिरवला तर फिकं आणि उलट फिरवला तर गडद दिसतं, म्हणून कारागिराकडून कापायच्या आधी सगळ्या तुकड्यांच्या मागे खडूने बाण काढून घेतले. तो म्हणाला, "ताई, तीस वर्षं करतोय." मी म्हटलं, "दादा, तरी काढा." काढले त्याने, तोंड वाकडं करून.

आणि मग लेस, दोरी, झालर, गोंडे. इथे माझा जीव खरा रमला. मोठ्या दुकानांत परदेशी कंपन्यांची वेगळी पुस्तकंच असतात, फ्रान्सच्या वगैरे, एकेक गोंडा म्हणजे आत लाकडाचा कातलेला साचा आणि त्याच्यावर हाताने गुंडाळलेला धागा, भाव बघून मी ते पुस्तक हळूच मिटलं. मग भुलेश्वर. क्रॉफर्ड मार्केटकडून मंगलदास मार्केटमध्ये अस्तराचं कापड बघत बघत पुढे चालत गेलं की भुलेश्वरच्या गल्ल्यांमध्ये फक्त लेस, बटणं, गोंडे, दोऱ्या यांचीच दुकानं, छतापर्यंत रोल. लेस बहुतेक ९ मीटरच्या रोलमध्ये असते, दोन मीटर मागितली तर काही जण देतात, काही जण बघतही नाहीत. त्यामुळे किती लागणार ते लिहून न्यायचं.

तिथे मी तीन गोष्टी बघत होते. पहिली, लेस कशाची आहे. पडदा पॉलिएस्टर मिक्स आणि लेस सुती असेल तर धुतल्यावर लेस आखडते, पडदा आखडत नाही, आणि सगळी कड चुरगळते. व्हिस्कोसची (रेयॉनच्या धाग्याची) लेस तर ओली झाली की भलतीच आखडते, पण तिची चमक इतकी छान असते की सोडवत नाही, म्हणून ती फक्त ड्रायक्लीनिंगला जाणाऱ्या बेडरूमच्या सिल्कला लावली. दुसरी, रंग. दुकानात पांढऱ्या ट्यूबखाली तंतोतंत जुळलेला रंग माझ्या घरच्या पिवळ्या दिव्यांत चक्क वेगळा दिसला, लेस तपकिरी आणि कापड हिरवं. वेगवेगळ्या धाग्यांना वेगवेगळे रंग लागतात आणि ते एका प्रकाशात जुळतात, दुसऱ्यात नाही. तेव्हापासून अर्धा मीटर आणायची, संध्याकाळी दिवे लावून पडद्यावर टाचायची, सकाळी परत बघायची, मगच रोल. तिसरी गोष्ट, लावायची कुठे. पडद्याच्या अगदी कडेला लावण्यापेक्षा कडेपासून दीड-दोन इंच आत उभी पट्टी लावली तर साध्या कापडालाही वजन येतं. हे मात्र मी कुणाला तरी बघून शिकले नाही, टाचण्या लावून लावून बघितलं आणि तीच जागा बरी वाटली.

सोफ्याच्या खाली लांब झालर लावायचा मोह झाला होता, फोटोत फार राजेशाही दिसते. पण ती झालर गालिचे घातलेल्या घरांची आहे. आपल्याकडे रोज लादी पुसतात, फिनाईलचं पाणी आणि फडका त्या झालरीला लागणार म्हणजे लागणारच. नाही लावली. त्याऐवजी कुशनांना कडेच्या शिवणीत दोरीचं पायपिंग केलं, ज्या दोरीला शिवायला मागे पट्टी असते ती घ्यायची, नुसती दोरी हाताने टाचत बसलं तर महिनाभर तेच.

कुशनांवरून आठवलं. कुशनांसाठी मी हिमरू आणलं, छत्रपती संभाजीनगरचं. सुती आणि रेशमी धाग्यांचं विणकाम, मागच्या बाजूला नक्षीचे मोकळे धागे लोंबतात. बसायच्या गादीला ते अजिबात चालणार नाही, पण पाठीमागे ठेवायच्या उशीला आतून पातळ सुती कापड जोडून घेतलं तर झकास. आईने तिची जुनी पैठणीही पुढे केली होती, "पेटीत पडून काय करायचीय?" मी पदराला हात लावू दिला नाही. जुन्या जरीत चांदीची तार असते, घडीवर ती तुटायला लागली होती, त्याला कुशन करून त्याच्यावर डोकं टेकायचं म्हणजे वर्षभरात भुगा. फक्त जीर्ण झालेल्या अंगातून वाचलेले काठ घेतले, सुती कापडावर बसवले आणि त्यांची चौकटीतली पट्टी करून भिंतीवर लावली. आई अजून म्हणते कुशन बरं दिसलं असतं.

शिवणाऱ्याबद्दल. मऊ, महाग कापड साध्या पडदेवाल्याकडे देऊ नका. विचारायचं की खालची दुमड मशीनने मारणार की हाताने, अस्तर खाली सुटं ठेवणार का (सुटं हवं, कारण दोन्ही कापडं वेगळी लांबतात), कोपऱ्यात वजन घालणार का. आमच्या मास्टरांनी पडदे आधी नुसते टाचून लटकवले, कापड आपल्या वजनाने खाली बसू दिलं आणि मग कड शिवली. त्यासाठी दोन फेऱ्यांचे जास्त पैसे घेतले, आणि ते मी एकदाही घासाघीस न करता दिले, जे माझ्या स्वभावात नाही. दुकानातून कापड घेताना सगळे मीटर एकाच ताग्यातले घ्या, आणि एक मीटर जास्तीचं घेऊन ठेवा. पुढच्या लॉटचा रंग थोडा का होईना वेगळा येतोच.

एकूण खर्चात दिसणारं कापड निम्म्याच्या जरासं वर होतं. बाकी अस्तर, मधला थर, शिलाई, ट्रॅक आणि भुलेश्वर.

जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्या राहिल्यात. त्यांच्यासाठी मश्रू बघितलं होतं, वरून रेशमासारखं चकचकीत आणि आतून सुती, पट्ट्या पट्ट्यांचं, इतकं गोड की दुकानातून निघवेना. पण साटीन विणकाम, वरचे धागे मोकळे, रोज सहा माणसं बसणार, आणि त्यात वरण-भात. त्यामुळे सध्या रेक्झिनच आहे, आणि ज्याचा मार्टिनडेल जास्त आणि रंगही मश्रूसारखा असं काही मिळतंय का ते बघतेय.