पॅरिसनंतर शार्त्रच का?

‘पॅरिस बघून झाल्यावर एकच दिवस उरतो, तर कुठे जाऊ?’ फ्रान्सची तिकिटं काढली की ओळखीतलं कोणी ना कोणी मला हे विचारतंच. आता तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते: शार्त्र या गावाला जा. पॅरिसच्या माँपार्नास स्टेशनवरून गाडीने तासाभराचा रस्ता. छोटी दुर्बीण मात्र आठवणीने घ्या.

गव्हाच्या सपाट शेतांपलीकडे कॅथेड्रलचे, म्हणजे तिथल्या मोठ्या चर्चचे, दोन मनोरे दिसायला लागतात. एक बाराव्या शतकातला, साधा. दुसरा वीज पडल्यावर सोळाव्या शतकात नव्याने चढवलेला, नक्षीदार आणि जास्त उंच. ही विजोड जोडी मला फार आवडते. 1194च्या आगीत जुनं चर्च बहुतेक जळालं. पश्चिमेचा दर्शनी भाग आणि तळघर तेवढं वाचलं. आज दिसतं ते मुख्यतः त्यानंतरच्या काही दशकांत उभं राहिलेलं.

आत शिरलात की आधी अंधार वाटतो. डोळे सरावले की निळा रंग उतरू लागतो. तिथे घाई करू नका. दुर्बीण लावा आणि रंगीत काचचित्रांच्या खिडक्यांच्या तळाकडे बघा. बायबलातल्या कथा बहुतेक खालून वर वाचायच्या असतात, त्यामुळे संतांच्याही आधी आपल्याला कामकरी माणसं भेटतात. दयाळू शोमरोनीच्या, म्हणजे जखमी वाटसरूला मदत करणाऱ्या परक्याच्या कथेच्या, खिडकीत चांभार बसलेत, नोहाच्या खिडकीत सुतार आणि पिंपं बनवणारे. आठशे वर्षांपूर्वीची ही माणसं हातातलं काम टाकून आपल्याकडे बघत नाहीत, हे मला सगळ्यात भिडलं. 1939मध्ये युद्ध दाराशी आलं तेव्हा या काचा उतरवून सुरक्षित ठिकाणी नेल्या आणि नंतर पुन्हा बसवल्या. म्हणून तो चांभार अजून जागेवर आहे.

बहुतेक जण इथूनच परततात. तुम्ही नदी ओलांडून मेझों पिकासिएत या घराकडे जा. ते घर रेमों इझिदोर यांचं. ते स्मशानभूमीत झाडू मारायचे. 1930च्या दशकाच्या अखेरीपासून त्यांनी फुटक्या बश्या, कपांचे तुकडे, काचा गोळा केल्या आणि आपलं घर मढवायला घेतलं. 1964मध्ये ते वारले, तोवर भिंती, अंगण, खुर्च्या सगळं मढलं होतं. त्या तुकड्यांत त्यांनी शार्त्रचं कॅथेड्रलही रचलंय.

घरातलं शिवणयंत्रसुद्धा त्यांनी सोडलं नाही. त्यावरची फुलं जवळून बघा.