काळी भुकटी, भरपूर धूर, पण निखारा नाही

रानातल्या शिबिरांमध्ये मी लाकडावर लाकूड घासून आग पेटवायला शिकवतो. वेळापत्रकात याला अर्धा तास ठेवलेला असतो. ज्याने तो ठेवला त्याने हे कधी केलेलं नाही, हे तिथेच कळतं. दोर बांधलेलं धनुष्य पुढेमागे ओढलं की दोराच्या वेढ्यातली उभी दांडी खालच्या फळीच्या खळग्यात फिरते, घासून पडलेली तापलेली भुकटी फळीच्या खाचेत साठते आणि तिचा निखारा होतो. प्रत्यक्ष धनुष्य ओढायचं काम दोन-तीन मिनिटांचं. लाकूड शोधणं, तासणं आणि दोर वळणं यातच सकाळ जाते, आणि व्हिडिओत नेमकं तेच कापलेलं असतं. मग लोक बाह्या सरसावून येतात आणि चाकूला धार नसते.

पावसाळी रात्रीनंतरची ती सकाळ मला अजून नीट सुटलेली नाही. एका जोडीने आदल्या संध्याकाळी ज्या दांडी-फळीवर सहज निखारा काढला होता, तीच दांडी, तीच फळी, तीच माणसं; सकाळी मात्र नुसता धूर. माझा सहकारी लांबूनच ओरडला, "जोर कमी पडतोय!" आमच्या कामात सगळ्यात जास्त आणि सगळ्यात फुकट वापरलं जाणारं वाक्य.

जोर कमी नव्हता. संचही नीट होता. फळी आणि दांडी एकाच वाळलेल्या फांदीची, आणि ती फांदी झाडावरच सुकलेली, जमिनीवरून उचललेली नाही. लाकूड हलकं; चिकाचं किंवा राळेचं नाही; अंगठ्याचं नख दाबलं तर खूण उठेल इतकं मऊ. फळी दीड-दोन सेंटिमीटर जाड. दांडी अंगठ्याएवढी, वीतभर लांब. खालचं टोक बोथट, वरचं निमुळतं. वरून दाबायचा ठोकळा कठीण लाकडाचा, त्याच्या खळगीत हिरवा पाला चुरडून घातलेला, म्हणजे घर्षण खाली होतं, हाताशी नाही. खाच वर्तुळाच्या साधारण आठव्या भागाएवढी, केंद्राच्या अगदी जवळ जाऊन थांबणारी. ही खाच उथळ राहिली तर भुकटी खळग्याभोवती सांडते आणि ढीग होत नाही. नवशिक्यांचे निम्मे निखारे इथेच मरतात.

दोरही त्यांचा त्यांनी वळलेला, तागाचा, दोन पदरी. नायलॉनचा दोर वाटेल ते सहन करतो. तागाचा दोर दांडीवर घसरला की तिथल्या तिथे झिजून तुटतो. म्हणून मी एका वेढ्यावर भागवत नाही. दोर मध्यावर दांडीला गाठ मारून बांधायचा आणि दोन्ही बाजूंना तीन-चार वेढे द्यायचे. एका बाजूचे वेढे उलगडतात तेव्हा दुसऱ्या बाजूचे गुंडाळले जातात, दोर घसरतच नाही. दर झटक्यात दांडीचे फेरे ठरावीकच मिळतात, हा तोटा. पण हाताने वळलेला दोर तग धरतो. या बांधणीचा मला अभिमान आहे, आणि त्या सकाळीही ती हललेली नव्हती.

म्हणून भुकटीकडे वळलो. लोक दांडीकडे बघत बसतात, मी खाचेकडे बघतो. भुकटी फिकट तपकिरी असेल तर दाब किंवा वेग कमी. जाडीभरडी, वळवटल्यासारखी असेल तर दाब जास्त. भुकटी पडतच नसेल आणि खळगा काचेसारखा चकाकत असेल, तर लाकूड घासलं न जाता गुळगुळीत होतंय. चाकूने खरवडायचं किंवा चिमूटभर कोरडी वाळू टाकायची. बारीक, काळी, मऊ भुकटी खाच भरून आली की काम झालं. इथे भुकटी काळी होती, खाच भरलेली होती, आणि हात थांबला की दहा सेकंदांत धूरही थांबत होता. निखारा धरला असेल तर ढिगातून धूर आपोआप येत राहतो.

फळी ओठाला लावून पाहिली. गार लागली, म्हणजे ओल. लाकूड हवेतली ओल शोषतं: आर्द्रता 50 टक्के असेल तर लाकडात वजनाच्या सुमारे 9 टक्के पाणी, 90 टक्क्यांवर गेली की 20च्या आसपास. ते पाणी उडेपर्यंत उष्णता तिथेच खर्च होते, आणि भुकटी धुमसायला सुमारे 400 अंश सेल्सियस लागतात. ढीग उचलून पाहिला तर तळाचा थर तपकिरी, दमट. भुकटी झेलायला खाचेखाली ठेवलेलं पानही जमिनीवरून उचललेलं, ओलं.

पहिली भुकटी पूर्ण झटकून टाकायला लावली. पानाऐवजी खोडाच्या आतली कोरडी साल ठेवली. मग अर्धा मिनिट सावकाश, पूर्ण लांबीचे झटके, फक्त खळगा तापण्यापुरते. तीही भुकटी फेकली. त्यानंतर डावं मनगट नडगीला टेकवून दाब वाढवला आणि शेवटी वेग. हात थांबले, धूर थांबला नाही.

यापुढे घाईच नडते. निखारा खाचेत दोन मिनिटं सुखाने राहतो. हाताने वारा घाला, काडीने ढीग दाबून धरा आणि फळी अलगद उचला. मग साल उचलून निखारा गवताच्या गुंडाळीत सोडा. आतला भाग काथ्यासारखा बारीक, बाहेरचा भरड. चेहऱ्यापेक्षा जरा उंच धरून लांब, बारीक फुंकर. धूर दाट, पिवळसर झाला की ज्वाळा येते, तेव्हा काटक्या हाताशी हव्यात. त्यांच्या होत्या.

सगळे खूश झाले, सहकारी म्हणाला, "बघ, जोर लावला ना!" मला मात्र कळलेलं नाही की नेमकं कशाने जमलं. कोरडी साल? फेकलेली भुकटी? की त्याआधीच्या फसलेल्या प्रयत्नांनीच खळग्याभोवतीचं लाकूड सुकवून ठेवलं होतं? तसं असेल तर मी मध्ये पडलो नसतो तरी निखारा आला असता. पुढच्या ओल्या सकाळी एकाच फांदीच्या तीन फळ्या रात्रभर उघड्यावर ठेवणार आहे: एकीत फक्त साल बदलायची, दुसरीत फक्त पहिली भुकटी फेकायची, तिसरीत काहीच न बदलता ओढत राहायचं. त्यासाठी अर्धा तास पुरणार नाही, हे आयोजकांना आधीच कळवलं आहे.