आबांना कळत नाही

मंगळवार, रात्रीचे पावणेअकरा

काल संध्याकाळी दादूला हाक मारली, चल, पुस्तक घेऊन ये. तो म्हणाला, "मी आबांकडं वाचणार."

आबांकडं, म्हणजे माझ्या सासऱ्यांकडं का, असं विचारलं तर म्हणाला, "आबांना कळत नाही की, मी चुकलेलं."

रागानं नाही, रुसून नाही. भूक लागली म्हणावं तसं म्हणाला आणि पुस्तक घेऊन सोप्यात गेला. मी कुकर लावला आणि शिट्ट्या मोजायच्याच विसरले. भाताचा गाळ झाला. ह्यांनी मुकाट्यानं खाल्ला.

कालपासून तेच वाक्य डोक्यात आहे.

दीड वर्ष झालं दादूला डिस्लेक्सिया आहे, म्हणजे वाचता-लिहिताना अक्षरं अडतात, असा कागद हातात पडून. त्याआधीची दोन वर्षं 'लक्ष नाही', 'आळशी आहे', 'घरी अभ्यास घेत नाही का तुम्ही' ऐकण्यात गेली. घरी अभ्यास घेत नाही! रोज दीड-दोन तास घेत होते, रडवून घेत होते, हे मात्र कुणाला सांगायची सोय नव्हती. मग अशा मुलांना शिकवणाऱ्या ताईंकडं जायला लागलो. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, घरी रोज फक्त पंधरा मिनिटं, तीही ठरलेल्या वेळी. ओळीखाली पट्टी ठेवायची. नवं अक्षर ताटात तांदूळ पसरून बोटानं मोठं गिरवायचं, गिरवताना तोंडानं उच्चार करायचा. धडा आधी दोघांनी मिळून मोठ्यानं वाचायचा, त्यानं टेबलावर टिचकी मारली की आपण थांबायचं आणि त्याला एकट्याला वाचू द्यायचं. अडला तर मनात पाच आकडे मोजायचे. तरी नाही जमलं तर शब्द सांगून टाकायचा आणि पुढं जायचं. "आठव की, कालच वाचलास ना" असलं काही म्हणायचं नाही.

मी सगळं केलं. तांदळाचं ताट अजून फडताळात वेगळं ठेवलेलं आहे. पण ते पाच आकडे मला मोजता येत नाहीत. दोनावर आले की तोंडातून 'च्च' निघून जातं. मला वाटायचं, त्याला ऐकू येत नसेल. त्याला सगळं ऐकू येतं. शाळेत बाई काय म्हणतात त्यापेक्षा माझं 'च्च' त्याला जास्त लागत असणार, आणि तेही तो मला सांगत नाही. सांगतो काय, तर आबांना कळत नाही.

त्याचं अडणं मला आता समजतं, म्हणून तर स्वतःचा जास्त राग येतो. 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म', 'थ' आणि 'य' यांत तो गोंधळतो. 'शिवा' लिहिताना पहिली वेलांटी 'श'च्या आधी काढायची आणि उच्चार करायचा 'श'नंतर. रफार तर 'र' म्हणून आधी बोलायचा आणि पुढच्या अक्षराच्या डोक्यावर द्यायचा. आपल्याला हे कधी जाणवतसुद्धा नाही. त्याला प्रत्येक शब्दात असा एक घाट चढावा लागतो, आणि घाट चढताना मागून आई 'च्च' करते.

कधीकधी वाटतं, बाकीच्या आया काय करतात मग? रंकाळ्यावर भेळ खाऊन येतात आणि त्यांची पोरं आपली आपण वाचतात. धाकटी चिमी पहिलीत आहे, ती दुकानांच्या पाट्या वाचत चालते. दादू तेव्हा माझा हात सोडून पुढं जातो. जाऊ दे ते.

ताईंनी तेव्हा विचारलं होतं, घरात आणखी कुणाला वाचायला त्रास होता का, हे बऱ्याचदा घराण्यात असतं. मी पटकन 'नाही' म्हणाले. आबा आमच्याबरोबर आले होते, शेजारच्या खुर्चीवर टोपी हातात धरून बसले होते. दुसरीत मास्तरांचा मार खाऊन शाळा सोडलेले आबा. ते तेव्हाही काही बोलले नाहीत, नंतरही नाही.

चाळीस वर्षं गुळव्या होते ते. काहिलीत रस उकळत असायचा, भेंडीचा चीक घालून मळी काढायची आणि मग थांबायचं. लवकर उतरवला तर गूळ चिकटा होतो, उशीर झाला तर करपतो. पाण्यात पाकाचा थेंब टाकून बोटात त्याची गोळी वळून बघायची. त्या बोटांच्या जोरावर गुऱ्हाळवाले त्यांना घ्यायला घरी यायचे. दादूनं एकदा विचारलं, "आबा, झालं हे कसं कळायचं?" तर म्हणाले, "कळायच्या आधी हात लावायचा न्हाई, एवढंच."

दिवाळीनंतर पन्हाळ्याला गेलो होतो. तीन दरवाजाजवळ दादूनं आबांना सगळा वेढा सांगितला. 1660 साल, सिद्दी जौहर, पावसाळी रात्र, पालखीत बसून गेलेले शिवा काशीद, घोडखिंडीत बाजीप्रभू, विशाळगडावरच्या तोफा. दोन अनोळखी माणसं थांबून ऐकत होती. आणि त्याच धड्याच्या चाचणीत वीसपैकी तीन. पेपरात त्यानं 'बाजी' लिहून दोनदा खोडलं होतं. खोडलेल्या जागी कागद फाटला होता. दहावीला त्याला तासाला वीस मिनिटं जादा मिळतील, लेखनिक मिळेल, 2016 च्या कायद्यात हे अपंगत्व म्हणून आलेलं आहे, सगळं मला पाठ आहे. पण आता तो चौथीत आहे आणि त्याला आजच वाचायचं आहे.

आज मी सोप्यात गेले नाही. मधल्या दाराशी पाठ करून लसूण सोलत बसले. आत तो वाचत होता, आबा रस्त्याकडं बघत होते. 'निर्धार' पाशी अडला. मी लसणाच्या पाकळ्या मोजल्या. पाच झाल्या, सहा झाल्या. आठव्या पाकळीला तो 'निधार' म्हणाला आणि पुढं गेला. माझा घसा दाटून आला, पण आवाज काढला नाही. आबा म्हणाले, "मग? फुडं काय झालं?" आणि त्यानं सांगितलं, पुढं काय झालं ते. बरोबर सांगितलं. पूर्ण पान झालं. माझ्यासमोर त्याचं पूर्ण पान कधी झालेलं नाही.

हेवा वाटला, लिहूनच टाकते. सासऱ्यांचा हेवा. दीड वर्ष मी घालवलं आणि पान झालं ते त्यांच्यासमोर. पण मग पान झालं याचाच आनंद एवढा होता की हेवा फार वेळ टिकला नाही. 'निर्धार' उद्या तांदळात गिरवू. नाहीतर परवा.

झोपताना पांघरूण घालायला गेले तेव्हा तो जागा होता. विचारलं, "उद्या कुणाकडं वाचणार?"

"आबांकडं."

मी दिवा बंद केला. अंधारातून म्हणाला, "तू पण बस की. तिथंच. लसूण सोलत."