असईचा उतार

अजिंठ्याला निघालेल्या गाड्या सिल्लोडवरून सरळ पुढे जातात. तिथून भोकरदनकडे वळून असई गाठली, तर पाहायला काय, एक नदी, केळणा. लेणी मी अर्ध्या दिवसात उरकली आणि केळणेच्या काठावर मात्र अख्खा दिवस घालवला. लोक वेड्यात काढतात, काढोत.

२३ सप्टेंबर १८०३, असईची लढाई. इंग्रज फौजेचा सेनापती, पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झालेला आर्थर वेलस्ली, तेव्हा ३४ वर्षांचा. शिंदे-भोसल्यांची फौज नदीपलीकडे. दुसरा इंग्रज अधिकारी कर्नल स्टीव्हन्सन याची कुमक दुसऱ्या दिवशी येणार होती, पण हा थांबला नाही. वाटाडे म्हणाले, इकडे उतार, म्हणजे पायी पार होण्याजोगी जागा, नाही. याने दुर्बिणीतून पाहिलं: एका काठाला पिंपळगाव, अगदी समोर वरूड. उतार नसताना दोन गावं अशी तोंडासमोर वसतील कशाला? माणूस पाठवून खात्री केली आणि फौज पाण्यात घातली. त्याच्या हुशारीचे गोडवे इंग्रजांनी भरपूर गायले. माझ्या मते बैलगाडी हाकणाऱ्या कुणालाही हे कळतं. मोठेपण आहे ते वाटाड्याचं ‘नाही’ न ऐकण्यात.

पलीकडे केळणा आणि जुई यांच्यामधली चिंचोळी पट्टी. दोन्ही बगलांना नदी, म्हणजे थोडकी फौज पुरेल असा हिशेब. तो एका जागी चुकला. शिंद्यांचं कवायती पायदळ नदीकडेच तोंड करून राहील असं त्याने धरलं होतं. त्या पायदळाचा जर्मन सेनानी पोलमन याने ते झटक्यात फिरवलं. मग वेलस्लीला आपली रांग उजवीकडे लांबवावी लागली. त्या टोकाची तुकडी नको तितकी असई गावाकडे सरकली, ७४वी हायलँडर्स ही स्कॉटिश पलटण तिच्यामागे गेली आणि तोफांच्या तोंडी सापडली. तोफा ओढणारे बैल मारले गेले, म्हणून इंग्रजांच्या तोफा मागेच अडकल्या आणि पायदळ संगिनी रोखून पुढे गेलं. दख्खनच्या मोहिमेत ज्याची पत्रं बैल आणि तांदूळ यांनीच भरलेली, त्याची ऐन वेळी बैलांवाचून अडचण व्हावी! वेलस्लीच्या अंगाखालचे दोन घोडे गेले: एक गोळी लागून, एकाला भाला. त्याचे ४२८ मेले, अकराशेच्या वर जखमी. पुढे कुणी विचारलं, तुमची सगळ्यात चांगली लढाई कोणती, तर वॉटर्लू सोडून त्याने असईचं नाव घेतलं.

माणूस तसा शिस्तीचा. दिवसातून दोनदा दाढी करणारा, त्या काळच्या साहेबांच्या मानाने दारू बेताची. हिंदुस्थानात येताना पेटीभर पुस्तकं बरोबर. म्हातारपणी इंग्लंडातल्या वॉल्मरच्या किल्ल्यातही झोपायला छावणीतलीच अरुंद खाट.

जायचं तर सप्टेंबरातच. पहिल्यांदा मी मे महिन्यात गेलो आणि फसलो: पात्र कोरडं, कुठूनही चालत पार व्हावं, मग उताराचं कौतुक कशाचं? पाणी असलं की कळतं. फक्त मोटरसायकल डांबरी रस्त्यावरच ठेवा. काळ्या मातीचा चिखल मडगार्ड आणि टायरच्या मधे ठासून बसतो, चाक फिरायचं थांबतं आणि काठीने उकरत बसावं लागतं.