तुरीचे कंटेनर आणि एकाच मालाचे दोन मालक

मी एका शिपिंग लाईनच्या एजंटकडे इम्पोर्ट डेस्कला आहे, न्हावा शेवाचं काम. इथे रोजचं भांडण एकच, ओरिजिनल बीएल (बिल ऑफ लेडिंग, जहाजात चढलेल्या मालाची पावती आणि हक्काचा कागद) आणा मग डीओ (डिलिव्हरी ऑर्डर, माल सोडायचा कागद) घ्या, आणि समोरचा म्हणणार कुरियरमध्ये आहे हो, कॉपीवर सोडा ना साहेब.

त्या दिवशी वाशीच्या दाणा बाजारातले एक शेठ स्वतःच आलेले, सोबत सीएचएचा, म्हणजे कस्टम एजंटचा, पोरगा. दार-ए-सलामहून तूर आलेली. इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, ॲडव्हान्स पाठवल्याची बँकेची स्विफ्ट कॉपी, बीएलची कलर झेरॉक्स, सगळं व्यवस्थित फाईलला लावून. "माल माझा, नाव माझं, अजून काय पाहिजे तुम्हाला?" डिटेन्शन, म्हणजे कंटेनर अडकवून ठेवल्याचा आकार, चढत होतं, चिडणं साहजिकच. पण नाव होतं नोटिफाय पार्टीत, कन्साइनीच्या, म्हणजे माल घेणाऱ्याच्या, रकान्यात नुसतं 'टू ऑर्डर'. म्हणजे शिपर (माल पाठवणारा) बीएलच्या मागे सही-शिक्का मारून ज्याला देईल त्याचा माल, नोटिफाय पार्टीला फक्त जहाज आल्याची खबर द्यायची, तेवढ्यावर हक्क काही येत नाही. आमचा सेल्सवाला कानाशी लागला, जुनी पार्टी आहे, लेटरहेडवर इंडेम्निटी, म्हणजे नुकसान भरून द्यायची हमी, घे आणि सोडून दे. म्हटलं बँक गॅरंटी असेल तर बोलू, नुसत्या लेटरवर नाही. ओरिजिनलशिवाय माल सोडला आणि कोणी क्लेम लावला तर पी अँड आय क्लब, म्हणजे जहाजवाल्यांचा विमा, तोही सहसा हात वर करतो, मग भरा खिशातून.

जेवण करून आलो तर काउंटरला दुसराच माणूस. ओरिजिनल बीएल, मागे शिपरचं एन्डोर्समेंट, म्हणजे तोच सही-शिक्का, त्याच्या कंपनीच्या नावे, आणि कंटेनर नंबर तेच! सील नंबरपण ताडून पाहिले. लोड पोर्टला, जिथून माल चढला तिथे, मेल टाकला, उत्तर आलं की बीएलच्या तिन्ही ओरिजिनल प्रती शिपरलाच दिलेले आणि सही त्याचीच. शेठनी बॅलन्स थकवलेला, मधे तुरीचा भाव चढला, शिपरने माल दुसरीकडे विकून टाकला.

बीएलचा कायदा इथे सरळ आहे, १८५६ चा तीन कलमांचा होता, २०२५ मध्ये नवीन आला पण गाभा तोच, एन्डोर्समेंटने मालकी ज्याच्याकडे गेली, लाईनवर दावा लावायचा हक्कही त्याचाच. एक ओरिजिनल सरेंडर झालं की उरलेले दोन रद्दी.

शेठना फोन केला तर पहिला प्रश्न, मग माझा ॲडव्हान्स? तो शिपरकडे मागा म्हटलं, तुमच्या सौद्यात आम्ही नाही. आयजीएममध्ये, म्हणजे जहाजावरच्या मालाच्या कस्टमला दिलेल्या यादीत, मात्र शेठचंच नाव, ते बदलायला कस्टमकडे अमेंडमेंट, त्यात डिटेन्शन अजून वाढलं आणि नव्या पार्टीनेही मलाच झापलं.